टूल रूममधला रिकामा खिळा

१

"गेज नाही! मनीषा, मास्टर गेज नाही इथं!"

रविवारी सकाळी ही हाक कानावर आली तेव्हा मी कॅन्टीनमध्ये दूध तापवत होतो. आवाज रामकृष्णकाकांचा होता, आणि काका कधी ओरडत नाहीत. मी पातेलं तसंच सोडून धावलो. दूध उतू गेलं ते गेलंच.

मी धनेश. अधारतालच्या पुढे आमचा पंपांचा कारखाना आहे, त्याचं कॅन्टीन माझ्याकडे. आजोबा भंडाऱ्याहून इथं आले आणि त्यांनी हे कॅन्टीन सुरू केलं. बापानं ते चालवलं, आणि बंद करायचं तेवढं माझ्या नशिबी आलं, कारण कारखानाच बंद होत होता. इंदूरकडे नवा कारखाना उभा राहिला होता, तिथं सगळं कॉम्प्युटरवर चालणार होतं, आणि आमच्या जबलपूरच्या जुन्या लेथ भंगारात जाणार होत्या.

युनियननं आधी बंदीविरुद्ध कोर्टकचेरी केली. त्यात हार झाली. मग करार झाला: जो ट्रेड टेस्ट पास होईल त्याला वरचा ग्रेड आणि नव्या कारखान्यात जागा, बाकीच्यांना नारळ. कंपनीला ही परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायची होती. आमचे निम्म्याहून जास्त लोक माउस दिसला तर मांजरासारखे पाहत राहतील अशी परिस्थिती. म्हणून युनियन अडून बसली आणि हाताची परीक्षा पदरात पाडून घेतली. आपल्याच लेथवर शाफ्ट कातायचा, आणि तो आपल्याच कारखान्याच्या मास्टर गेजमधून, म्हणजे मापाच्या पोलादी कड्यातून, पार करून दाखवायचा. पण कंपनीनंही एक अट घातली होती. परीक्षा सोमवारी सकाळीच व्हायची आणि याच गेजवर व्हायची. त्यात काही अडलं, तर सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवणार.

आणि रविवारी सकाळी तेच गेज जागेवर नव्हतं.

टूल रूमच्या दारात मनीषा बोरकर उभी होती. टूल रूम तिच्या ताब्यात असते. तिच्या बाजूला पर्सनल खात्याचे अंबरीश साहेब. आत भिंतीजवळ रामकृष्णकाका, म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात, कारण इथल्या प्रत्येकाच्या हाताला लेथ त्यांनीच शिकवली. खांद्यावर झोळी, चेहरा पांढराफटक. वरच्या ओळीतल्या शेवटच्या खिळ्याकडे ते नुसते पाहत होते.

तो खिळा रिकामा होता.

बाहेरच्या माणसाला यात काय विशेष वाटायचं? पण आमच्याकडची रीत अशी: औजार घ्यायचं तर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला त्याच खिळ्यावर अडकवायचा. औजार परत केलं की बिल्ला काढून खिशात. म्हणजे खिळ्यावर एक तर औजार असणार, नाही तर बिल्ला. रिकामा खिळा मी माझ्या जन्मात पाहिला नव्हता.

अंबरीश साहेबांनी मनीषासमोर हात पसरला. "चाबी दीजिए. शाम तक गेज मिला तो ठीक. नहीं तो कल कॉम्प्युटर टेस्ट होगा, और आप सस्पेंड."

२

लहानू गजभिये आमच्या युनियनचा सेक्रेटरी. त्यानं पोलिसांना नाही, कलावतीबाईंना फोन केला. पोलीस आले असते तर आठवडाभर पंचनामाच चालला असता.

कलावतीबाई रामटेके म्हणजे आमच्या वकीलबाई. बड्या फुहाऱ्याच्या चौकात कापडाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. कामगारांचे खटले लढता लढता केस पिकले, गुडघे गेले, पण जीभ शाबूत राहिली. हा करारही त्यांनीच लिहिला होता. ऑटोतून उतरताना त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "माझी शेवटची केस आहे लहानू, अन् तुम्ही लोकायनं तिचं पार भजं केलं."

"जय भीम, ताई," लहानू खालमानेनं म्हणाला.

"जय भीम. धनेशभाऊ, तुम्ही माझ्यासोबत राहा. तुमच्याकडे सगळे येतात, तुम्हाले सगळं दिसते."

झालं, मी डिटेक्टिव्हचा चहावाला झालो.

त्यांनी आधी मला शनिवारची हकीगत विचारली. शनिवारी दुपारी शिफ्ट सुटता सुटता गेटवर सभा झाली. युनियनची शेवटचीच सभा, म्हणून मंडप, माइक, झेंडूचे हार. सुरुवातीला उस्तादांचा सत्कार झाला. मग लहानूचं भाषण. ते एकदा सुरू झालं की नर्मदेला पूर येऊन ओसरेल. भाषणाच्या शेवटी त्यानं बातमी फोडली: तीस वर्षं पूर्ण केलेल्या उस्तादांना परीक्षा नाही, त्यांना सरळ इन्स्ट्रक्टरचा ग्रेड. नव्या पोरांना त्यांनी शिकवायचं. कंपनीकडून हे कलम लहानूनं शेवटच्या बैठकीत काढून घेतलं होतं आणि मुद्दाम मंचासाठी राखून ठेवलं होतं. चांगली बातमी माइकवरच सांगायची, ही आमच्या युनियनची जुनी खोड. टाळ्यांनी मंडप हलला.

"उस्ताद खुश झाले असतील," बाई म्हणाल्या.

"नंतर झाले असतील. तेव्हा खुर्चीवर नव्हते. पाणी प्यायला गेले होते. परत आले तेव्हा पोरांनी पाठ थोपटून थोपटून लाल केली, इन्स्ट्रक्टर साहेब, इन्स्ट्रक्टर साहेब म्हणून. तर बिचारे खालीच बसले. मला वाटलं, भरून आलं असेल."

बाईंनी मनीषाला बोलावलं. तिचे डोळे रडून रडून सुजले होते.

"शनिवारी सभेच्या टायमाले टूल रूम उघडी होती?"

"होती ना दीदी. सगळेच गेटवर होते, मीबी गेली. कोण येऊन राहिलं तिथं, असं वाटलं. सभा संपली, मी आली, भिंतीवर नजर फिरवली, सगळं बरोबर होतं. मग कुलूप लावलं. किल्ली रातभर माझ्या उशाखाली होती."

"नंतर कोणी आलं?"

"कोणी नाही. हां, उस्ताद आले होते. चष्मा राहिला म्हणे आतमध्ये, खोलून दे. पण किल्ली सिक्युरिटीच्या रजिस्टरवर चढली होती, मी म्हणलं काका, सकाळी देते."

"अन् आज सकाळी?"

"उस्ताद दारातच उभे होते माझ्या आधी. परीक्षेसाठी गेज त्यायनंच उतरवायचं ठरलं होतं. अंबरीश साहेब आले, मी कुलूप खोललं. साहेब दारात मोबाईलवर बोलत होते. लाइटचं बटण त्या कोपऱ्यात आहे, मी तिकडे गेली, काका सरळ भिंतीकडे गेले. लाइट लावला अन् काका ओरडले."

"अंधारात काही ऐकलं?"

मनीषानं डोळे पुसले. "घंटीसारखं काहीतरी. ठण, ठण, ठण. काकायचा हात लागला असंल औजारायले."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "आता नीट आठवून सांग पोरी. शनिवारी कुलूप लावताना तू गेज पाहिलं? का रिकामा खिळा नाही, हे पाहिलं?"

मनीषाचं बोट हवेत खिळ्यांच्या ओळीवरून फिरलं.

"मी... मी कधीच औजार पाहत नाही, दीदी. एवढी औजारं कोण पाहील. रिकामा खिळा आहे का तेवढं पाहते. त्या खिळ्यावर काहीतरी लटकून होतं. गोल होतं."

"जा, तोंड धू," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "धनेशभाऊ, रात्री चोरी झालीच नाही. मनीषानं कुलूप लावलं तेव्हा गेज निघून गेलं होतं."

३

पण गेलं कोणाबरोबर? बाई म्हणाल्या, ज्याला फायदा त्याच्यापासून सुरुवात करू. म्हणजे अंबरीश साहेब. गेज गेलं तर कंपनीचंच भलं होतं, हे कुणालाही कळत होतं.

साहेबांच्या खोलीत अर्धं सामान खोक्यात बांधलेलं होतं. साहेब तसे वाईट नव्हते. थकलेले होते.

"मॅडम, आप मुझ पर शक कर रही हैं? कीजिए. मेरा भी ट्रान्सफर हो गया है, मुझे इस टेस्ट से क्या लेना. सभा के टाइम मैं यहीं था, अकेला. कोई गवाह नहीं."

"टूल रूम में जाते हैं आप कभी?"

"मुझे तो पता भी नहीं कौन सी चीज़ किस खूँटी पर है. कुछ चाहिए तो चपरासी को पर्ची देकर भेजता हूँ."

बाईंनी मान हलवली आणि उठल्या. मला वाटलं, एवढ्यावर सोडलं? बाहेर आल्यावर म्हणाल्या, "खोटं बोलणारा माणूस साक्षीदार आणते. हा म्हणते, कोणी नाही."

मग लहानू. त्याच्याबद्दल कारखान्यात कुजबुज होतीच. कोर्टात हरल्यावर त्यानं कराराला सही केली तेव्हा अर्ध्या लोकांनी त्याला कंपनीचा जावई ठरवलं होतं. हे त्यालाही ठाऊक होतं.

"ताई, मी विकलो असतो तर बंदीच्या आधी विकलो असतो," तो म्हणाला. "भाव तेव्हा बरा होता."

"तू सभाभर माइकसमोरच होता?"

"शेवटपर्यंत."

"हो, ते खरं आहे," मी म्हणालो. "माइक सोडला असता तर आम्हाला सुटका नसती मिळाली?"

लहानू हसला नाही. "मले फक्त एवढंच सांगा ताई, मी चुकलो काय? कारखाना वाचत नव्हता. माणसं वाचवतो म्हटलं. आता तेबी जाऊन राहिले हातातून."

बाई काठी उचलून चालायला लागल्या. मला त्या दिवशी त्यांच्यावर राग आला होता. दोन शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

मी सगळ्यांना चहा वाटायला गेलो. उस्ताद आपल्या लेथजवळ स्टुलावर बसले होते. लेथच्या हँडलवर कालच्या सत्काराचा झेंडूचा हार टांगलेला होता, पार कोमेजलेला. मी ग्लास पुढे केला.

"अर्धाच दे, धनेश."

हे असं बरेच दिवस चाललं होतं. आधी माझा चहा तोंडापर्यंत भरून घेणारा माणूस, आणि हल्ली अर्धा. तोही हातात घ्यायचा नाही, स्टुलावर ठेव म्हणायचं, मी गेल्यावर प्यायचा. सगळ्यांसोबत कॅन्टीनमध्ये येणंही बंद. मला राग यायचा. माझ्या चहात काय खोट निघाली ते तोंडानं सांगा ना!

परत फिरलो तर कॅन्टीनच्या मागून आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी अंकुरची कॉलर धरली होती.

४

कॉलर धरणारा लहानूच होता.

अंकुर म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरचा पोरगा, आयटीआय झालेला, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. परीक्षा कॉम्प्युटरवर झाली तर पहिला नंबर त्याचाच. त्यात शनिवारी सभेच्या वेळी सगळे गेटवर असताना हा एकटा शॉपमध्ये, म्हणजे लेथच्या शेडमध्ये, होता.

"बोल, कुठं ठेवलं?"

"भैया, मैंने कुछ नहीं किया! मॅच देख रहा था मोबाईल पर!"

बाई काठी टेकत आल्या. "सोड त्याले, लहानू. सभेत काहून नाही गेला रे तू?"

अंकुरनं कॉलर नीट केली. "काहून जाऊ, आंटी? कॉन्ट्रॅक्टवाल्यांना युनियन मेंबर नाही करत. मेरे लिए कौन लड़ा आज तक?"

लहानूनं नजर दुसरीकडे वळवली. ह्या पोराचं म्हणणं खोटं नव्हतं.

"तू टूल रूममधून औजार कसं घेतो?"

"सुपरवायझरच्या चिठ्ठीवर. हमको बिल्ला नहीं मिलता."

"शनिवारी तिथून टूल रूम दिसत होती तुले?"

"दरवाजा दिसत होता."

"कोण गेलं आत?"

"कोई नहीं, आंटी. सच में. कोणीच नाही."

लहानू उसळला. "म्हणजे गेज काय पाय फुटून गेलं?"

बाईंनी काठीनं लहानूला मागे सारलं. मग म्हणाल्या, "हा खरं बोलून राहिला. किंवा याले जे खरं वाटते ते." आणि गुडघा धरून कॅन्टीनकडे निघाल्या. "चला धनेशभाऊ, चहा पाजा. अन् उस्तादायलेबी बोलवा. फार दिवस झाले त्यांच्यासोबत बसून."

५

उस्ताद आले ते निरुपायानं. टेबलाच्या टोकाला बसले, हात टेबलाखाली.

मी दोन ग्लास आणले, एक भरलेला, एक अर्धा. बाईंनी दोन्ही उचलले आणि भरलेला उस्तादांसमोर ठेवला.

"घ्या जी, उस्ताद. गरम आहे तोवर."

"घेतो नंतर."

"मी थांबते."

उस्ताद बाईंकडे पाहत राहिले. माणूस किती वेळ नुसतं पाहणार? शेवटी उजवा हात वर आला. ग्लासपर्यंत पोहोचला, आणि ग्लास टेबलावर किणकिणायला लागला. चहा कडेवरून सांडला, बोटांवर आला. त्यांनी हात पटकन मागे घेतला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चहा वाईट नव्हता. अर्धा ग्लास सांडत नाही, एवढंच होतं ते. रोज तीन तीन वेळा चहा देणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं, आणि मी आपला चहाचा अपमान धरून बसलो होतो.

"कधीपासून?" बाईंनी हळूच विचारलं.

"दिवाळीपासून."

बाईंनी डोळे मिटले. "धनेशभाऊ, लहानूले बोलवा. अन् दार लोटून घ्या. मले हे कोडं सुटलं. सुटलं नसतं तर बरं झालं असतं."

६

लहानू आला. बाई बोलत होत्या आणि नजर टेबलावर सांडलेल्या चहावर होती.

"गेज सभेच्या टायमाले गेलं. मनीषा फक्त रिकामा खिळा पाहते, अन् तिले रिकामा खिळा दिसला नाही. तिथं काहीतरी गोल लटकून होतं. गेज नव्हतं, म्हणजे काय होतं?"

"बिल्ला," मी म्हणालो.

"बिल्ला. आता मले सांगा, चोरी करताना आपल्या नंबराचा बिल्ला टांगून कोण जाते? साहेब नाही, त्याले खिळे माहीत नाही. अंकुर नाही, त्याच्यापाशी बिल्लाच नाही. चोर म्हणून आलेला कोणीबी नाही टांगणार. ज्याच्या हातानं सारा जन्म औजार काढलं अन् बिल्ला टांगला, त्याचाच हात हे करते. डोक्याले न विचारता. अंकुर म्हणाला कोणीच आत गेलं नाही. बरोबर आहे. आपला गुरू आत गेला तर त्याले आपण कोणीतरी गेलं असं म्हणतो काय?"

लहानू हळूहळू उस्तादांकडे वळला.

"सकाळी तो बिल्ला तिथं नव्हता," बाई पुढे म्हणाल्या. "रात्री कुलूप होतं. म्हणजे उघडल्यावर, लाइट लागायच्या आधी, जो पहिला भिंतीपाशी पोचला त्यानं काढला. पण मले एकच गोष्ट समजत नव्हती. तो ठण ठण आवाज. पितळी बिल्ला एवढा वाजत नाही. पोलादी कडं खिळ्यावर आपटलं की वाजते." त्यांनी पहिल्यांदा उस्तादांकडे सरळ पाहिलं. "तुम्ही गेज परत लावायले आले होते ना, उस्ताद?"

उस्ताद उठले. काही न बोलता बाहेर गेले. लहानू मागे जायला लागला तर बाईंनी त्याचा हात धरला. शॉपमध्ये अंबरीश साहेबांनी सगळ्यांची कपाटं उलथीपालथी केली होती, झोळ्या झाडल्या होत्या. पण कोमेजलेल्या सत्काराच्या हाराला कोण हात लावणार? उस्ताद परत आले तेव्हा त्यांच्या हातात जाड पोलादी कडं होतं, स्वच्छ पुसलेलं, तेल लावलेलं. लेथच्या हँडलवर ते हाराखाली अडकवून ठेवलं होतं.

"परीक्षा पुढे ढकलतील वाटलं," ते म्हणाले. "अट आहे ते माहीत होतं. पण लहानू भांडून घेईल थोडे दिवस, असं वाटलं. नागपूरच्या डॉक्टरकडे जाऊन येतो म्हटलं. सगळ्या पोरायले मी शिकवलं, अन् त्यायच्यासमोर माझाच शाफ्ट गेजमधून नाही गेला तर? लहानू भाषण देऊन राहिला होता, मी उठलो. परत आलो, तर पोरं म्हणतात इन्स्ट्रक्टर. परीक्षाच नाही म्हणतात."

"काका," लहानू म्हणाला, "बैठक झाली त्याच रात्री हे कलम माझ्या हातात होतं. मंचावर सांगीन म्हणून ठेवलं. तुमच्या घरी येऊन सांगितलं असतं तर..."

"मीबी हात दाखवला असता तर." उस्ताद खाली बसले. "पळत गेलो टूल रूमकडे, कुलूप लागलं होतं. चष्म्याचं खोटं बोललो, चष्मा तर खिशातच होता. आज सकाळी काढला बिल्ला. एक क्षण मिळाला असता तरी झालं असतं. पण ते कडं खिळ्यावर चढेच ना. तीनदा लावलं. हात असा हलत होता की... मग लाइट लागला. मी झोळीत टाकलं अन् ओरडलो."

बाईंनी गेज त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. शेवटी बाई म्हणाल्या, "गेज मिळालं आहे. खिळ्याखाली पडलं होतं म्हणू. मी वकील आहे, मले खोटं बोलता येते."

तेवढ्यात बाहेर मनीषाचा आवाज आला. अंबरीश साहेबांनी तिच्या हातात सस्पेंडचा कागद ठेवला होता. किल्लीची जबाबदारी तिची, गेज सापडलं तरी कुणाचं नाव लागल्याशिवाय कागद मागे घेता येत नाही, असं ते तिला समजावत होते. उद्या तिचीही परीक्षा होती.

उस्तादांनी गेज टेबलावरून उचललं. दोन्ही हातांनी, छातीशी धरून.

"काका, बसा," लहानू म्हणाला. "मी बोलतो साहेबाशी."

"बहुत बोलला तू माझ्यासाठी," उस्ताद म्हणाले, आणि स्वतःच दार उघडून बाहेर गेले.

७

सोमवारी सकाळी परीक्षा झाली. हाताची, आपल्याच लेथवर, आपल्याच गेजवर. मनीषा पास झाली. आमचे बहुतेक लोक पास झाले. काहींनी शाफ्ट गेजमधून पार झाल्यावर लेथच्या पाया पडून घेतलं. अंकुरही बसला. लहानूनं साहेबांशी हुज्जत घालून कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना आयत्या वेळी आत घेतलं होतं. शाफ्ट कातताना पोरगा मान वाकडी करून आवाज ऐकत होता, अगदी उस्तादांची लकब.

उस्तादांचं नाव इन्स्ट्रक्टरच्या जागेवरून कापलं गेलं. अंबरीश साहेबांना ते करताना बरं वाटलं नाही, हे मी पाहिलं आहे. पण कबुली दिलेल्या माणसाला वरचा ग्रेड कसा देणार? कलावतीबाई तासभर त्यांच्या खोलीत भांडल्या आणि हरून आल्या. लहानू तर कोणाशी बोलतच नव्हता. कलम त्यानं मिळवलं होतं ते एकाच माणसासाठी.

उस्ताद कॅन्टीनच्या खिडकीशी बसून सगळी परीक्षा पाहत होते. मी चहा घेऊन गेलो. सवयीनं अर्धाच भरला होता.

"पूर्ण दे, धनेश," ते म्हणाले.

मी पूर्ण भरून दिला. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला, सगळ्यांदेखत, आणि प्यायले. सांडायचा तेवढा सांडला. अंकुर परीक्षा संपवून आला होता, तो बाजूला येऊन बसला आणि फडक्यानं टेबल पुसत राहिला. कुणी हसलं नाही. हसणार होतं तरी कोण? त्या खोलीतल्या एकाही माणसाला हसू आलं नसतं, आज नाही आणि दिवाळीतही नाही. हे उस्तादांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही.

संध्याकाळी गेज डबीत बंद होऊन इंदूरच्या गाडीत चढलं. वरच्या ओळीतला शेवटचा खिळा पुन्हा रिकामा झाला. मनीषा कुलूप लावायला निघाली तेव्हा उस्ताद आले.

"थांब जरा," म्हणाले. "औजार बाहेर गेलं आहे. बिल्ला लावतो."

खिशातून त्यांनी पितळी बिल्ला काढला. तो कंपनीला परत करायचा असतो, पण अंबरीश साहेब दारात उभे होते आणि ते काही बोलले नाहीत. उस्तादांनी हात वर नेला. बिल्ला खिळ्यावर आपटला, सुटला, पुन्हा आपटला. लहानू मदतीला पुढे झाला तर त्यांनी डाव्या हातानं त्याला थांबवलं. कितीतरी वेळ तो बारीक आवाज येत राहिला. मनीषा, लहानू, अंकुर, साहेब, मी, सगळे तसेच उभे होतो. कुणालाच घाई नव्हती. शेवटी बिल्ला खिळ्यावर बसला.

हात दाखवला असता, तर शनिवारीही आम्ही असेच थांबलो असतो.